डोंगरकड्याला नेलेला लेसर

तुमच्या घरातल्या एखाद्या स्टीलच्या डब्यावर 'चि. सौ. कां. मनीषाच्या लग्नात सप्रेम भेट' असं बारीक, सुबक अक्षरांत कोरलेलं असेल, तर ते कोरणारं यंत्र आमच्या भोसरीच्या कारखान्यातलं असण्याची बरीच शक्यता आहे. कारखाना हा शब्द मी व्हिजिटिंग कार्डापुरता वापरतो. प्रत्यक्षात तो एक गाळा आहे. त्यात पाच माणसं, एक जुना लेथ आणि दिवसभर भरलेली चहाची किटली. लेसर या शब्दाला नातेवाइकांत वजन आहे, म्हणून लग्नाकार्यात मला पुढच्या खुर्च्या मिळतात. मी भांड्यांवर नावं घालण्याची यंत्रं करतो, हे कळलं की त्याच खुर्च्यांवर दुसऱ्या कुणाला तरी बसवतात.

म्हणूनच की काय, दोन वर्षांपूर्वी मला आणि माझ्या भागीदाराला वाटलं की भांडी पुष्कळ झाली, आता माणसांकडे वळावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काही लोकांच्या डोळ्यांत, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, बसवलेल्या भिंगामागचा पातळ पडदा धुरकट होतो. त्याला पुन्हा चिरफाड लागत नाही. लेसरच्या थोड्या ठिणग्यांनी पडद्याच्या मधोमध एक खिडकी पाडली की झालं. पाच-दहा मिनिटांचं काम. पण ही यंत्रं बहुतेक परदेशातून येतात आणि शहरातल्या दवाखान्यांत ठाण मांडून बसतात. खेड्यातल्या माणसाला त्या पाच मिनिटांसाठी दोन दिवस मोडावे लागतात. आम्ही ठरवलं की यंत्रच गावात न्यायचं. लेसर तयार करणारा स्फटिक बाहेरूनच मागवला, बाकी स्टँड, भिंगांच्या बैठका, पत्र्याचं काम सगळं भोसरी-चिंचवडात जमवलं. परवानग्यांसाठी खेटे घातले, त्याही मिळाल्या. मग माहितीपत्रक छापलं: 'दोन पेट्यांत मावणारा, जीपमधून कुठेही नेता येणारा नेत्र-लेसर.' छापायला काय जातं?

ते पत्रक वसमतच्या डॉ. अंजुम यांच्या हाती पडलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. 'कुठेही म्हणता, तर आमच्याकडे आणून दाखवा. महिन्यातून एकदा डोंगरकड्याला डोळे तपासायला जाते, तिथे पाच पेशंट या पडद्याचेच आहेत.' डॉक्टरांनी चांगलं म्हटलं तर मराठवाड्यातले आणखी चार डॉक्टर ऐकणार होते. नाही म्हटलं तर आम्ही पुन्हा मनीषाच्या लग्नाला लागणार होतो.

वसमत, पहिला दिवस

मी आगगाडीनं गेलो, यंत्र आदल्या दिवशी ट्रान्सपोर्टनं पोचलं होतं. वसमतला उतरल्यावर पहिल्यांदा आला तो वास. एप्रिलचा पहिला आठवडा, हळद शिजवण्याचे दिवस. गावाबाहेर जिथं तिथं कढया लागलेल्या, वाफा निघताहेत, आणि खळ्यांवर शिजलेली हळकुंडं वाळत पडलेली. आमच्याकडे हळद म्हणजे मिसळणाच्या डब्यातली एक वाटी. इथं ती पोत्यांनी, ट्रॅक्टरांनी, रस्त्याच्या कडेनं वाहत होती. डॉक्टरी धंद्यात शिरतोय तर तसं दिसावं म्हणून मी पांढरा शुभ्र शर्ट घालून गेलो होतो. संध्याकाळपर्यंत मी नवरदेवासारखा दिसत होतो, फक्त वय सोडून.

स्टेशनवर मला घ्यायला बालाजी आला होता. जवळच्या हट्टा गावचा राहणारा, चाळिशीचा, स्वतःची पिकअप गाडी. यंत्र डोंगरकड्याला नेण्याचं काम डॉक्टरांनी त्याला दिलं होतं. माझ्या हातातली बॅग घेत त्यानं विचारलं, "सायेब, औंढ्याच्या बाजूला ते लेझरचं लई मोठं काम सुरू हाय म्हन्तेत, तिथलेच का तुमी?"

औंढ्याजवळ लेसरवर चालणारं मोठं विज्ञान-केंद्र उभं राहतंय, हे मी वाचलं होतं. तिथले किरण म्हणे तारे एकमेकांवर आदळले की त्याची थरथर मोजणार. हो म्हणायचा मोह झाला. पण खोटं फार टिकत नाही, त्यातून बालाजी तीन दिवस बरोबर असणार. मी म्हणालो, "नाही हो, आमचं लहान काम आहे."

"किती लहान?"

"आत्तापर्यंत भांड्यांवर नावं घालत होतो."

"आसं सांगा की," बालाजी म्हणाला आणि एकदम मोकळा झाला. माझा मोठेपणा गेल्याचा त्यालाच जास्त आनंद झाल्यासारखं वाटलं.

डॉ. अंजुम पन्नाशीच्या. घराणं वसमतमधलंच, वडलांचं कापडाचं दुकान होतं. बोलणं कमी आणि प्रश्न जास्त. लाइट गेली तर काय? धूळ गेली तर? बेचाळीस डिग्रीत चालेल का? बिघडलं तर पुण्याहून माणूस किती दिवसांत येणार? मी प्रत्येक प्रश्नाला पत्रकातलं वाक्य म्हणून दाखवत होतो. त्यांनी टेबलाच्या खणातून एक लाल पुठ्ठ्याची वही काढून दाखवली. दवाखान्यातलं प्रत्येक यंत्र कधी बिघडलं, काय बिघडलं आणि कुणाच्या चुकीनं, हे तीत लिहिलेलं. काही पानांवर खुद्द त्यांचीच सही होती.

"आज पेट्या उघडून एकदा चालवून बघा," त्या म्हणाल्या.

"काही गरज नाही, डॉक्टर. पुण्यात पूर्ण तपासून मी स्वतः पॅक केलंय."

हे वाक्य उच्चारताना माझा आवाज किती भारदस्त लागला होता, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

डोंगरकडा, दुसरा दिवस

सकाळी डॉक्टरांच्या घरी न्याहारी होती. खिचडी, पापड आणि खट्टा. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ, झणझणीत, तीळ आणि कच्चा कांदा घातलेलं सार, खिचडीवर ओतून खायचं. पुण्यात सकाळी सात वाजता कुणी एवढं आंबट खात नाही. मी आधी चमचाभर घेतला, मग वाटी, मग दुसरी वाटी. पुढे रस्ताभर ती चिंच माझ्याशी बोलत होती, पण माझी तक्रार नाही.

डॉक्टर त्यांच्या गाडीनं पुढे गेल्या. मी पेट्यांबरोबर पिकअपमध्ये. सिद्धेश्वरच्या कालव्याच्या पाण्यानं दोन्ही बाजू हिरव्या होत्या, केळी, ऊस, मध्येच हळदीचं रिकामं झालेलं रान. मी त्यातलं निम्मं पाहिलं. बाकीचा वेळ मी मागच्या काचेतून पेट्यांकडे बघत होतो आणि दर दोन मिनिटांनी "सावकाश" म्हणत होतो. बालाजी इतका सावकाश चालवत होता की एका बैलगाडीनं आम्हाला मागे टाकलं. गाडीवानानं मान वळवून बालाजीकडे दयेनं पाहिलं. एका वळणावर समोरून हळदीचा ट्रॅक्टर अंगावर आला, तेव्हा मात्र त्याला गाडी एकदम खाली उतरवावी लागली. पेट्या एकदा उडाल्या. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहीत नाही.

डोंगरकड्याला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये व्यवस्था होती. अंधार हवा म्हणून खिडक्यांना वाकळा बांधलेल्या. दारापुढे पंचवीसेक बाया उभ्या होत्या. मला कळेना की पेशंट पाच असताना एवढी गर्दी काहून? हो, दोन दिवसांत मीही मनातल्या मनात 'का'च्या जागी 'काहून' म्हणायला लागलो होतो. जवळ गेलो तर प्रत्येकीच्या हातात पातेलं, डबा, तांब्या. एकीच्या डोक्यावर अख्खी घागर.

"म्याच फोन केल्ता रात्री," बालाजी कौतुकानं म्हणाला. "माजी बहीण हितंच दिली हाय. तिला म्हन्लं, नावं घालणारे सायेब येऊन राहिले."

मी बायांना समजावलं की हे यंत्र वेगळं आहे, हे डोळ्यांसाठी आहे. घागरवाली म्हणाली, "मंग डोळ्यावर नाव घालता का?" तिचा प्रश्न अगदी सरळ होता. शेवटी डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळ्यांना परत पाठवलं. जाताना बायांच्या नजरेत जी निराशा होती, तेवढी आमच्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या नजरेत मी पाहिलेली नाही.

पाच पेशंट भिंतीकडेला सतरंजीवर बसले होते. त्यांत कौसाबाई होत्या. पासष्ट-सत्तरच्या, काटक, ताठ. बोलताना माणसाच्या तोंडाऐवजी खांद्याच्या बाजूला बघायच्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, वर्षभर चांगलं दिसलं आणि मग धूर चढत गेला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, पण त्याला त्या हात लावू देत नव्हत्या. "एकाचं झालं तेवढं बास," असं त्यांचं म्हणणं. बरोबर सून होती, संगीता. चाळिशीच्या आतली, बारावी शिकलेली, आणि सासूच्या शेजारी न बसता हातभर लांब बसलेली.

असं का, ते लवकरच कळलं. कौसाबाईंनी मला पाहुणा समजून स्वतःच सांगितलं.

"डोळा चांगला झाल्ता, सायेब. पथ्य मोडलं म्हणून गेला. डॉक्टरनं म्हन्लं व्हतं जपा. हिनं दहाव्या दिवशी मला अंबाडीची भाजी खाऊ घातली. आंबट. तवाच पडदा फिरला असंल. म्या काळा चष्मा लावून भाकरी मोडून राहिले, मला काय दिसतंय ताटात काय हाय ते?"

हे वाक्य संगीतानं किती वेळा ऐकलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दुपारी डॉक्टरांनी मला सांगितलं की हे गावभर ठाऊक आहे. पाणवठ्यावर, लग्नात, मयतीत. 'सासूचा डोळा घालवला तिनं' अशी तिची ओळख झालेली. कौसाबाई वर्षभर तिच्या हातचं जेवत नव्हत्या, थोरल्या लेकाच्या घरून ताट यायचं. आणि तरीही रानात, दवाखान्यात, मोरीत हात धरून न्यायला संगीताच.

"तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?" मी विचारलं.

"दर महिन्याला सांगते. मी म्हटलं, आजी, आंबटानं डोळा जात असता तर माझं अर्धं खानदान आंधळं असतं. तर म्हणतात, डॉक्टर लोक सुनांची बाजू घेतात."

सकाळी प्यालेला खट्टा आठवून मला हसू आलं. पण हसायची वेळ नव्हती, कारण तोपर्यंत आमचं यंत्र बिघडलेलं होतं.

झालं असं. या यंत्रात डॉक्टरांना डोळ्याच्या आत दोन लाल ठिपके दिसतात. हँडल पुढेमागे करून ते दोन ठिपके एकावर एक आले की समजायचं, लेसर नेमका पडद्यावर पडणार. मी यंत्र जोडलं, काळा कागद लावला, डॉक्टर बसल्या. त्यांनी हँडल हलवलं. ठिपके दोनच. मी बसलो. दोनच. मी भिंगं पुसली, खुर्ची बदलली, डोळे चोळले. ते दोन ठिपके भांडण झालेल्या भावांसारखे एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर बसून राहिले.

पहिल्यांदा मी गावच्या विजेला दोष दिला. जनरेटर आणला. दोनच. मग उन्हाला दोष दिला. दोन कूलर लावले. ठिपके गार झाले असतील, पण हलले नाहीत. मग पुण्याला भागीदाराला फोन केला. तो म्हणाला, "इथं तर चालत होतं." हे मलाही माहीत होतं. मग मला एकदम तो ट्रॅक्टर आठवला.

"बालाजी," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "त्या वळणावर तुम्ही गाडी आपटलीत ना, त्यानं आतली बैठक सरकली आहे. किती वेळा सांगितलं होतं मी, सावकाश."

बालाजी दारात उभा होता. तो म्हणाला, "चुकलं सायेब. पर समोर ट्रॅक्टर व्हता."

"ट्रॅक्टर असला म्हणून काय झालं? लाखमोलाची वस्तू आहे ती."

तो बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. जेवायला बोलावलं तर "भूक न्हाई" म्हणाला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. गुन्हेगार सापडला की मन हलकं होतं.

तास गेले. मी पेट्या उघडत होतो, बंद करत होतो. अंधारात सतरंजीवर बसलेली माणसं कंटाळून एकमेकांशी बोलायला लागली, आणि माझ्या कानावर ते पडत राहिलं. एका म्हाताऱ्याच्या मते त्याचा पडदा एस्टीतल्या धुळीनं आला होता, कारण लेकानं त्याला खिडकीपाशी बसवलं. एका बाईच्या मते पुतण्याच्या मयतीत रडल्यामुळे, आणि त्याला जबाबदार जाऊ, कारण तिनंच गळ्यात पडून रडवलं. एका चाचांनी नातवाच्या टीव्हीला दोष दिला. चौथ्याचा दोष हळदीच्या कढईला, म्हणजे पर्यायानं कढईवाल्या भावाला. पाचव्या कौसाबाई. पाच डोळे, एकच आजार, आणि पाच वेगवेगळे आरोपी. मला गंमत वाटली. यंत्राशेजारी बसलेला सहावा शहाणा लिंबाखालच्या माणसाला आरोपी करून बसलाय, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

चार वाजले असतील. डॉक्टर घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "येवले साहेब, अजून अर्धा तास. मग मी या सगळ्यांना घरी पाठवते आणि नांदेडची चिठ्ठी देते."

नांदेडला जायला कौसाबाई तयार नव्हत्याच. "मला न्हाई जायाचं. हाय त्यात मरंन," त्या म्हणाल्या. संगीतानं मान खाली घातली. मला कळलं की त्या बाईचं आणखी एक वर्ष, कदाचित सगळी वर्षं, या अर्ध्या तासावर टांगलेली आहेत. मला घाम फुटला, आणि तो कूलरसमोर.

संगीता दाराजवळच्या उजेडात बसून काहीतरी वाचत होती. आमच्या यंत्राचं माहितीपुस्तक. ते मराठीत असावं हा माझा हट्ट होता. शब्दन् शब्द मी लिहिला होता आणि त्याचा मला अभिमान होता. लिहिलं मीच असल्यामुळे पुन्हा वाचायचा प्रश्नच नव्हता.

ती उठून आली आणि हळूच म्हणाली, "सायेब, हे पहिल्या पानावरचं झालं का?"

"काय आहे पहिल्या पानावर?"

तिनं वाचून दाखवलं, शाळेत धडा वाचतात तसं, स्पष्ट. "यंत्र बसवल्यावर सर्वप्रथम डाव्या बाजूचा वाहतुकीचा स्क्रू काढून ठेवावा. हा स्क्रू प्रवासात भिंगांची बैठक जखडून ठेवतो. तो न काढल्यास ठिपके जुळणार नाहीत."

मी यंत्राच्या डाव्या बाजूला हात घातला. स्क्रू तिथंच होता, घट्ट. मीच डिझाइन केलेला, मीच पुण्यात आवळलेला. त्यावर लोंबणारी लाल पट्टी मीच कापून टाकली होती, कारण पत्रकासाठी फोटो काढताना ती वाईट दिसत होती. ट्रॅक्टरानं, खड्ड्यानं, बालाजीनं काहीही बिघडवलं नव्हतं. उलट त्या स्क्रूमुळे आणि बालाजीच्या सावकाश चालवण्यामुळे बैठक जराही सरकली नव्हती.

मी स्क्रू काढला आणि मुठीत धरला. आणि आता जे लिहितोय ते लिहायला नको वाटतं. माझ्या मनात पहिला विचार आला की संगीतानं हळू आवाजात विचारलंय, डॉक्टर लांब आहेत, हे झाकता येईल. मी मोठ्यांदा म्हणालो, "जमलं बहुतेक. जरा जुळवाजुळव केली."

डॉक्टर आल्या, बसल्या. ठिपके एकावर एक आले. काळ्या कागदावर दहा ठिणग्या मारल्या, दहाही नेमक्या जागी. मला वाटलं सुटलो.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"थोडं सेटिंग."

"कसलं सेटिंग? नेमकं काय बिघडलं होतं ते कळल्याशिवाय मी माणसाच्या डोळ्यावर हे चालवणार नाही. मध्येच पुन्हा तसं झालं तर?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाही म्हटलं असतं. भांड्यावर नाव तिरकं आलं तर पॉलिश मारता येतं. संगीता माझ्याकडे बघत होती. ती सांगू शकली असती, पण सांगितलं नाही. दुसऱ्याची चूक चारचौघांत बोलणं काय असतं, हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत असणार?

मी मूठ उघडली. "हा स्क्रू काढायचा मी विसरलो. प्रवासातला आहे. यंत्रात काही बिघाड नव्हता. दिवसभर मी बालाजीला बोल लावला, त्याची काहीही चूक नाही. चूक माझी. आणि ती मला सापडली नाही, ती या संगीताताईंनी दाखवली."

डॉक्टर रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही पुढे केली. "तुमच्या हातानं लिहा."

मी लिहिलं. सही केली. मग बाहेर लिंबाखाली गेलो आणि बालाजीला सांगितलं. माफी मागायची सवय नसल्यामुळे ती फार लांबली, मध्ये मी भिंगाच्या बैठकीची रचनाही समजावून सांगितली. बालाजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बराबर हाय," तो म्हणाला. "आता जेवतो मंग." आणि डबा उघडला.

आत आलो तेव्हा पहिला पेशंट यंत्रावर होता. हनुवटी टेकवलेली, कपाळ पट्ट्याला लावलेलं. प्रत्येक ठिणगीला 'टक्' असा बारीक आवाज येत होता, कुणी नखानं नख वाजवल्यासारखा. माझ्या सत्तावीस वर्षांच्या धंद्यात मी लेसरचे लाखो आवाज ऐकले असतील. त्या दुपारी मी एकेक मोजला. कौसाबाईंची पाळी शेवटची. त्या ताठ बसल्या, एकदाही हलल्या नाहीत. मध्येच म्हणाल्या, "दुखून न्हाई राहिलं. सुरू झालं का अजून?"

"झालं पण, आजी," डॉक्टर म्हणाल्या.

पण दिसतंय का, ते लगेच कळत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातलेले असतात, सगळं भगभगीत दिसतं. तासाभरानं डोळ्याचा दाब मोजून डॉक्टरांनी सगळ्यांना सकाळी बोलावलं. कौसाबाई आल्या तशाच, सुनेचा हात धरून, तिच्याशी न बोलता गेल्या.

डोंगरकडा, तिसरा दिवस

सकाळी वाकळा काढलेल्या होत्या, हॉलमध्ये ऊन आलं होतं. आज मी शर्ट चौकटीचा घातला होता. बालाजीनं येताना दोनदा विचारलं, "जोरात चालवू का?" आणि दोन्ही वेळा हसला. मी निमूट बसलो.

चौघांची तपासणी झाली. एस्टीवाला म्हातारा आणि चाचा दोघांनाही तक्त्याच्या खालच्या ओळी दिसत होत्या. चाचा म्हणाले, "अब नातवाचा टीव्ही मैंच देखूंगा." डॉक्टरांनी यंत्राबद्दल मला तीन सूचना केल्या. स्क्रूवर लाल पट्टी परत लावा, हँडल धुळीपासून झाका, आणि बसवल्यावर आधी काय करायचं ते पहिल्या पानावर नको, यंत्रावरच मराठीत लिहा. "हे केलंत तर मी चार डॉक्टरांना सांगते," त्या म्हणाल्या. ज्यासाठी मी आलो होतो ते मला मिळालं होतं. त्याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, कारण माझं लक्ष दाराकडे होतं. कौसाबाई आल्या नव्हत्या.

दहाच्या सुमाराला आल्या. संगीता बरोबर होती. कौसाबाईंनी तिचा हात धरलेलाच होता, पण मान वर होती आणि बोलताना त्या डॉक्टरांच्या खांद्याकडे नाही, तोंडाकडे बघत होत्या. तक्त्यावरची चिन्हं त्यांनी बोटानं दाखवली. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत एकही चुकली नाही.

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा एकदा समजावलं. काल पाच जणांच्या डोळ्यांत अगदी एकसारखा पडदा होता. त्यांतल्या एकानंच अंबाडी खाल्ली होती. कुणी धुळीत बसलं, कुणी रडलं, कुणी टीव्ही पाहिला. हा पडदा डोळा स्वतःच तयार करतो, आजी, यात कुणाचीच चूक नसते.

"कुणाचीच न्हाई?"

"कुणाचीच नाही."

कौसाबाई वळल्या आणि संगीताकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "कानापाशी पिकलं गं तुजं. कवा पिकलं?"

"पिकलं असंल," संगीता म्हणाली.

कौसाबाई परत डॉक्टरांकडे वळल्या. आवाज तसाच करडा होता. "मंग बाई, सालभर म्या हिला जे बोलले, ते आता कुटं ठिवू?"

डॉक्टर तक्ता गुंडाळायला लागल्या. मी तर यंत्राच्या हँडलकडेच बघत होतो. माझी चूक एका ओळीत लिहून, सही करून संपली होती. बालाजी जेवलाही होता. मला माझ्या त्या स्वस्त सुटकेची लाज वाटली.

संगीतानं खाली वाकून सासूच्या चपला सरळ करून ठेवल्या. "चला आत्याबाई, मागं लोक खोळंबलेत," ती म्हणाली. मागं खरं तर कुणीच नव्हतं.

कौसाबाई उठल्या. दाराशी तीन पायऱ्या होत्या. त्यांनी सवयीनं हात पुढे केला. संगीतानं तो पाहिला.

"आता दिसतंय की तुमाला," ती म्हणाली. रागानं नाही, आणि मायेनंही नाही. पदर खोचून, दोन्ही हात मोकळे सोडून ती पायऱ्या उतरून गेली. कौसाबाई पुढे केलेला हात तसाच धरून क्षणभर उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग एकेक पायरी बघत, घाईघाईनं तिच्या मागं निघाल्या.